ओढ्यात काही टाकायचं नाही

१९ सप्टेंबर, मंगळवार

बाप्पा बसले. टीव्ही खाली काढून त्याच्या टेबलावर मखर मांडलं. पुष्करने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि त्यातला निम्मा वेळ तो फोनवर "हाय, हाय" म्हणत उभा होता. जपानीत हाय म्हणजे हो. माझा नवरा ऑफिसात दिवसभर हो म्हणतो आणि घरी आला की नाही म्हणायचा कोटा भरून काढतो.

मूर्ती शाडूची, वीतभर. मे महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा विमानात मांडीवर धरून आणलेली. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास नको म्हणून आरती दबक्या आवाजात, झांजांशिवाय. जुईला सगळ्या आरत्या पाठ आहेत. एरवी मात्र मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं असा आमच्या घरचा रिवाज झालाय. चौथीत आहे, इथल्याच शाळेत. टोकियोजवळ ग्योतोकुला येऊन मला तीन वर्षं होत आली, तरी तिच्या अर्ध्या उत्तरांना मी नुसती मान हलवते.

गौरींबरोबर शनिवारी विसर्जन. गेली दोन वर्षं बाथरूममध्ये बादलीत केलं. ते एक वेळ ठीक आहे, बाप्पा समजून घेतात. पण निर्माल्य? गेल्या वर्षी हार, दुर्वा, पत्री सगळं जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घातलं. पिशवी पारदर्शक. ती कोपऱ्यावर शेजाऱ्यांच्या माशांच्या डोक्यांशेजारी ठेवली, वरून कावळ्यांसाठीची जाळी ओढली आणि गाडी येईपर्यंत मी गॅलरीत उभी राहून बघत होते. त्याच दिवशी ठरवलं, हे पुन्हा होणे नाही.

म्हणून या वर्षी कॅम्पिंग कार भाड्याने घेतलीय. पुष्करला ऑफिसमधले सगळे जातात म्हणून कॅम्पिंग करायचंच होतं, मला वाहतं पाणी हवं होतं. यामानाशीच्या डोंगरात एक छोटा कॅम्प मिळालाय, शेजारून ओढा जातो. फोटो बघताच मी म्हटलं, हेच.

२३ सप्टेंबर, शनिवार

गाडीतच बसून लिहितेय. दोन शेगड्या, ओंजळभर सिंक, आणि टेबल मोडलं की त्याचा पलंग होतो. संसार करायला एवढं पुरतं हे पुण्यातल्या कोणाला सांगितलं तर पटणार नाही. पहिल्याच घाटात पोह्यांचा डबा उघडला आणि गाडीभर पोहे झाले. "मी म्हणत होतो डबे बांधून ठेव," पुष्कर म्हणाला. म्हणत वगैरे काही नव्हता. बाप्पा मात्र जुईच्या मांडीवर निवांत, दोघांना मिळून एक सीटबेल्ट.

कॅम्पचे मालक मोचिझुकी-सान. सत्तरीचे असतील, एकटेच सगळं बघतात. उतरल्या उतरल्या त्यांनी नियम सांगितले आणि जुईने मला मराठीत. राख या डब्यात टाकायची. कचरा ज्याचा त्याने घरी न्यायचा. ओढ्यात काही टाकायचं नाही.

"आई, ओढ्यात काही टाकायचं नाही," तिने हे दुसऱ्यांदा सांगितलं.

"अगं, ते साबण-शॅम्पूबद्दल असतं," मी म्हटलं. "देव म्हणजे काय 'काही' आहे का?"

मग त्यांनी तिला मासे दाखवायला नेलं. मीही गेले. झाडांच्या आड, ओढ्याच्या वळणाखाली सिमेंटचा हौद आहे. ओढ्याचं पाणी एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने बाहेर जातं, आणि आत बोटाएवढे इवाना मासे, नुसते बुजबुजलेले. हिवाळ्यात अंडी आणून त्यांनी वाढवलेत. गावच्या शाळेत आता मोजकीच मुलं उरलीत, ती ऑक्टोबरात येऊन हे मासे बादल्यांतून ओढ्यात सोडतात. मोचिझुकी-सानच्या बायकोने सुरू केलेला कार्यक्रम. ती गेली, पण कार्यक्रम चालू आहे. जुईने खाद्य टाकलं तर पाणी उकळल्यासारखं झालं. तिथून ती हलायलाच तयार नव्हती.

संध्याकाळी ओढ्यावर गेलो, तर पुष्करच्या हातात बादली.

"हे काय?"

"नियम आहे ना. बादलीत करू, पाणी मग घरी नेऊन झाडांना घालू."

"वाहतं पाणी समोर असताना बादली? मग आपलं बाथरूम काय वाईट होतं? इतका टोल भरून आलो ते बादली बघायला?"

तो गप्प बसला. मी असं बोलले की तो गप्प बसतो, हे मला लग्नापासून माहीत आहे आणि मी ते वापरते.

आरती झाली, मोठ्या आवाजात. पुष्करने मूर्ती तीनदा बुडवून वरच्या डोहात सोडली. माती ती, मातीत जाईल. निर्माल्य त्याने पिशवीत भरून दगडावर ठेवलं, घरी न्यायला. मग तो कॅमेऱ्याची बॅटरी आणायला गाडीकडे गेला आणि मी पिशवी ओढ्यात रिकामी केली. झेंडूचा हार मी स्वतः ओवलेला, होम सेंटरमधून आणलेल्या कुंड्यांतली फुलं खुडून. गौरींचं लाल वस्त्र, दुर्वा, पत्री. सगळं हेलकावे खात वळणाआड गेलं. फार सुंदर दिसत होतं. जुई बघत होती. मी ओठांवर बोट ठेवलं.

इथे आल्यापासून पहिल्यांदा बाप्पा नीट गेल्यासारखे वाटताहेत. आज शांत वाटतंय.

२४ सप्टेंबर, रविवार

घरी आलोय. लिहू की नको असं करत बसले होते. लिहितेच. पुष्करला माझं अक्षर लागत नाही आणि जुईला मराठी वाचायचा कंटाळा.

सकाळी उजाडताच चहाचं पाणी आणायला म्हणून मी खाली गेले. हौद शांत होता. वर पांढरं पांढरं काहीतरी तरंगत होतं, मला आधी वाटलं फुलं पडलीत झाडाची. मासे होते. पोटं वर करून. तळाशी थोडे हलत होते, बाकी सगळे गेले. हौदात पाणी येत नव्हतं. ओढ्यातून पाणी घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जाळी आहे आणि त्या जाळीवर माझा हार बसला होता. हार, त्यावर गौरींचं वस्त्र, त्यात पत्री अडकलेली, अगदी बूच मारल्यासारखं गच्च.

मी काय केलं? हाक मारली नाही कोणाला. कोपरापर्यंत हात घालून ते सगळं ओरबाडून काढलं, ओढणीत गुंडाळलं, धावत जाऊन गाडीतल्या सिंकखालच्या कप्प्यात कोंबलं. परत आले तर पाणी खळाळत हौदात पडत होतं, मेलेले मासे त्या धारेखाली गोल गोल फिरत होते, आणि काठावर मोचिझुकी-सान उभे होते. शेजारी जुई, नाइटड्रेसवर. ती कधी उठून आली कोण जाणे.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. "गोमेन नासाइ", माफ करा, एवढं तर कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातल्या पोरीलाही मी रोज म्हणते. पण तोंडातून दुसरंच आलं.

"जुई, त्यांना सांग, आम्हाला यातलं काही माहीत नाही. आम्ही आत्ताच उठलो. फार वाईट झालं म्हणावं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बोलायला लागली. माझी तीन वाक्यं, पण ती बोलतच राहिली. जपानीत सगळं लांबतंच, साधं नको म्हणायलाही हे लोक प्रस्तावना करतात. मध्ये तिने हात जोडून दाखवले, माझ्या वतीने माफी मागत असणार. मोचिझुकी-सान गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या उंचीला खाली बसले, काही विचारलं, तिने मान हलवली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. माझी बाही ओली होती, पण सकाळी कोणीही तोंड धुतं. पाण्यावर थोड्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, त्या त्यांच्या लक्षात आल्या नसाव्यात, वय झालंय. मग त्यांनी करंगळी पुढे केली आणि जुईने त्यात आपली करंगळी अडकवली. इथली माणसं लहान मुलांची समजूत अशी काढतात.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. म्हणाले, शरद ऋतूत पानं वाहून येतात."

पानांवर गेलं म्हणायचं. माझा जीव भांड्यात पडला. पडला हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

पुष्करला फक्त मासे मेले एवढं कळलं. "वाऱ्याने पानं अडकली असतील," तोही म्हणाला. सगळ्यांनी मिळून पानांवर ढकललं. निघताना मोचिझुकी-सान रस्त्यापर्यंत आले आणि आमची गाडी वळेपर्यंत वाकून उभे होते. मागच्या खिडकीतून जुई हात हलवत होती. मी सिंकखालच्या कप्प्यावर पाय रोवून बसले होते, तो वळणावर उघडेल म्हणून.

जीव गेले ते पाप आहेच. पण मला सगळ्यात जास्त खातंय ते दुसरंच. या देशात माझी जीभ चालत नाही, म्हणून खोटं बोलायला मी पोरीची वापरली.

२६ सप्टेंबर, मंगळवार

आज जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. तो हार शेवटी तिथेच गेला. ओला, कुजका, वर्तमानपत्रात गुंडाळून. ज्याच्यासाठी एवढं रामायण केलं तो हार माशांच्या डोक्यांशेजारीच जाऊन बसला. मी गॅलरीत उभी राहिले नाही.

बाइतोला, म्हणजे माझ्या अर्धवेळ कामाला गेले. डबे भरायच्या कारखान्यात आज भाजलेल्या माशाचा डबा होता. प्रत्येक डब्यात एक तुकडा, कातडी वर. शेजारची काकू म्हणाली, तब्येत बरी नाही का, घरी जा. बरी आहे म्हटलं. जपानीत खोटं बोलणं सोपं आहे, एका शब्दात होतं.

जुई माझ्याशी धड बोलत नाही. विचारलं त्याचं उत्तर देते, बस. शाळेत तिच्या वर्गात मासे पाळलेत, त्यांचं पाणी बदलायचं काम तिने मागून घेतलंय म्हणे. मी काही बोलले नाही. बोलायला तोंड कुठे आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

माझ्या पापाला पाय फुटलेत.

पुष्करने विसर्जनाचे फोटो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले होते, "निसर्गाच्या कुशीत" असं वर लिहून. अनघाने ते उचलून धरलं. अनघा म्हणजे आमच्या मंडळाची सेक्रेटरी, जपानीची सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेली आणि ते कोणाला विसरू न देणारी. अनंत चतुर्दशी काल झाली, पण भक्तीलाही इथे वीकेंड लागतो, तेव्हा मंडळाचं विसर्जन रविवारी. तिचा फोन आला: "वृंदा, मंडळाची मूर्ती त्या तुमच्या ओढ्यातच नेऊ. सहा-सात गाड्या होतील. निर्माल्याचा पण प्रश्न मिटेल."

मंडळाची मूर्ती हातभर उंच. हार किती असतील याचा हिशेब मला नको. माझ्या डोळ्यांपुढे ती जाळी आली.

खरं सांगायला हीच वेळ होती. दोन वाक्यांचं काम. पण अनघाला सांगणं म्हणजे टोकियो, चिबा, योकोहामा सगळीकडे सांगणं. मी म्हटलं, "अगं, नको, तिकडे अस्वल आलंय."

"अस्वल?"

"मोठं. मालकांनीच सांगितलं."

फोन ठेवला तर जुई दारात उभी. तिने ऐकलं होतं. तशीच वळून खोलीत गेली.

संध्याकाळी अनघाचा परत फोन. बाईने चौकशी करायला सरळ कॅम्पला फोन लावला होता.

"खरंच आहे गं अस्वल," अनघा म्हणाली. "मी विचारलं तर आधी थांबले जरा. मग म्हणाले, कोणी सांगितलं? मी तुझं नाव घेतलं. परत थांबले. मग म्हणाले, वृंदा-सान म्हणाल्या का, मग आहे, आहे. मोठं आहे. इतक्यात कोणी येऊ नका. बरं झालं बाई सांगितलंस."

म्हणजे मी थाप मारली आणि अस्वल खरंच निघालं. याला काय म्हणावं? बाप्पानेच सांभाळलं, दुसरं काय. जेवताना पुष्करला अस्वलाचं सांगितलं तर जुईला एकदम हसू आलं, भात नाकात जाईपर्यंत. इतक्या दिवसांनी हसली, पण अस्वलात हसण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मोचिझुकी-सान चांगले आहेत." आणि ताट उचलून उठली.

एकट्या माणसाच्या दारात अस्वल फिरतंय ही आता नवीन काळजी.

२ ऑक्टोबर, सोमवार

मंडळाचं विसर्जन काल एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या टबात झालं. प्रसादाला पुरणपोळी होती. अनघाने माइकवरून सांगितलं की वृंदामुळे आपण सगळे अस्वलापासून वाचलो. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. जुई माझ्या शेजारी बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी येताना स्टेशनवर तिने विचारलं, "आई, आपण परत कॅम्पला कधी जाणार?"

"अस्वल आहे ना तिथे."

"अस्वल नाहीये."

"तुला काय माहीत?"

मग गाडी आल्यावर, आत शिरता शिरता, "मग फोन तरी करणार का त्यांना?"

"कशाला?" मी जोरात बोलले. डब्यातल्या चार लोकांनी वळून बघितलं. या देशात गाडीत जोरात बोलत नाहीत.

तिला परत जायची इतकी हौस का आहे? दुसरी एखादी मुलगी असल्या जागेचं नावही काढणार नाही. मला वाटतं ती मला टोचतेय. तिथे उभं करून पुन्हा तोंडघशी पाडायचंय तिला मला. दहा वर्षांच्या पोरीबद्दल आई असा विचार करते, हेही लिहून ठेवते, कारण केलाय.

४ ऑक्टोबर, बुधवार

आज शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रोजच येते अशी हल्ली. चेहरा बघते माझा, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि जाते. आज मी चिडले. "काय बघतेस? काय लिहिलंय माझ्या तोंडावर?"

"नानिमो नाइ," म्हणाली. काही नाही. आणि डोळे भरले तिचे.

मला तेव्हा कळलं की हे असं चालणार नाही. तिच्या जिभेवर मी जे ठेवलं ते काढायला मलाच जायला हवं, आणि तिला न घेता. तिला नेलं तर मी पुन्हा तिच्याच तोंडाने बोलेन. पुष्करलाही नाही, तो माझ्या आधी माफी मागून मोकळा होईल, त्याला रोजची सवय आहे.

परवा शुक्रवारी बाइतोला सुट्टी टाकलीय. फोनवरून वाक्यं काढली, कांदा चिरताना पाठ करतेय. फुलं मी टाकली. मासे माझ्यामुळे मेले. मुलगी खोटं बोलली, पण ते मी बोलायला लावलं. शेवटचं वाक्य जपानीत नीट बसत नाही. मराठीत तरी कुठे बसतं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

जुई शाळेत गेली आणि मी निघाले. तीन गाड्या बदलल्या, मग बस. बसमध्ये मी आणि एक आजोबा. सगळा रस्ता ओठ हलवत पाठ करत होते, त्यांना वाटलं असेल जप करतेय.

मोचिझुकी-सान हौदात उतरले होते. हौद रिकामा, पाणी काढून टाकलेलं, गमबूट घालून ब्रशने भिंती घासत होते. मला बघून थांबले. मी काठावरच उभी राहिले आणि सगळं म्हटलं. मध्ये दोनदा अडखळले, एकदा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांनी मदत केली नाही, शब्द पुरवला नाही, तोडलं नाही. मुलगी खोटं बोलली ते माझ्यामुळे, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"नाही," ते म्हणाले. "जुई-सानने सांगितलं. त्याच दिवशी."

अगदी साधे शब्द, माझ्यासारखीलाही कळणारे. तरी मी विचारलं, "काय?"

"फुलं. देव. आई." त्यांनी बोटाने वरचा डोह दाखवला, मग जाळी, मग माझी बाही. "सगळं."

म्हणजे माझ्या समोर, माझी तीन वाक्यं तोंडात घेऊन, पोरीने खरं सांगितलं होतं. आणि ते सगळं कळल्यावर हा माणूस मला वाकून निरोप देत होता. वर अस्वल.

अस्वलाचं मीच काढलं. ते हसले नाहीत फार, पण गालात काहीतरी झालं. "इथे अस्वल नाही," म्हणाले. "डुक्कर आहे." मग परत गंभीर झाले आणि छातीवर बोट ठेवून म्हणाले, राग आला होता. अजून थोडा आहे. शाळेतल्या मुलांना फोन करून त्यांनी सांगितलं की पानांमुळे मासे गेले, यंदा कार्यक्रम नाही. मुलांशी खोटं बोलायला त्यांना आवडलं नाही. मी म्हटलं, मी सांगते मुलांना. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, नव्या अंड्यांच्या वेळी, हिवाळ्यात मुलं येतात, तेव्हा या. तेव्हा सांगा.

मग त्यांनी शेडमधून दुसरा ब्रश आणि बायकोचे असतील असे लहान गमबूट आणून दिले. शेवटच्या बसपर्यंत आम्ही हौद घासला. मला वाटत होतं, माफ केलं म्हणतील. म्हणाले नाहीत. निघताना फक्त, "चांगला घासलात."

घरी पोचले तेव्हा जुई गृहपाठ करत होती. आजही तिने वर बघितलं, चेहरा बघितला.

"मोचिझुकी-सानकडे गेले होते," मी म्हटलं.

तिची पेन्सिल थांबली. "सांगितलंस?"

"हो."

"जपानीत? तू स्वतः?"

"हो. त्यांना आधीच माहीत होतं. तू सांगितलं होतंस. मला का नाही बोललीस?"

ती रडायला लागली. इतके दिवस आवरून धरलेलं, हुंदक्यांवर हुंदके. मी घाबरले. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने मला हातांनी थोपवलं, आधी तिला बोलायचं होतं, आणि ती मराठीत बोलली, एक एक शब्द शोधत.

"त्यांनी विचारलं, आईने का नाही सांगितलं? मी म्हटलं, आईला आत्ता भीती वाटते, पण ती नंतर येऊन स्वतः सांगेल. मी वचन दिलं त्यांना, करंगळीत करंगळी अडकवून. ते म्हणाले, मग मी वाट बघतो. तू रोज जातच नव्हतीस. मग मीच खोटी झाले असते ना?"

मला वाटत होतं की मी तिला एकदा, त्या सकाळी खोटं बोलायला लावलं. तसं नव्हतं. ती खरं बोलली होती, आणि तिचं खरं मी रोज थोडं थोडं खोटं करत होते, घरी बसून, डबे भरत, हात जोडून टाळ्या घेत.

मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली, ती जास्त अवघड गेली.

आता खाली पुष्करच्या सायकलचं स्टँड लागल्याचा आवाज आला. त्यालाही आजच सांगायचंय, आणि उद्या अनघाला. जुईने वही मिटली आहे, पण ती उठून गेलेली नाही. माझ्या शेजारीच बसून आहे.